अंगणातली चेतक

आमच्या मिरजेतल्या घराच्या अंगणात एक स्कूटर उभी असते. बजाज चेतक, १९७४ सालची. येणारा-जाणारा हमखास विचारतो, "चालू आहे का अजून?" मी म्हणतो, "काल मंडईत जाऊन आली." मग पुढचा प्रश्न, "मिस्त्री कोण?" इथे मी जरा अडखळतो. कारण मिस्त्री मीच आहे, आणि हे सांगताना मला अजून संकोच वाटतो. माझे शिक्षण बी.ए., विषय मराठी. नोकरी कारकुनाची केली, फावल्या वेळात कविता लिहिल्या. पान्या-पकडीशी माझा संबंध यावा असे त्यात काही नव्हते. तो कसा आला, ते आज सांगतो.

स्कूटर अब्बांची. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी नंबर लावला १९६६ साली आणि गाडी हातात पडली १९७४ साली. आजच्या मुलांना हे खरे वाटत नाही. पण त्या काळी स्कूटर ही दुकानात जाऊन विकत घ्यायची वस्तूच नव्हती. अनामत भरायची, नंबर लावायचा आणि वाट पाहायची. कुणी आठ वर्षे, कुणी दहा. अब्बांनी नंबर लावला तेव्हा त्यांचे लग्नही व्हायचे होते. गाडी आली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग विकली जायची. आमच्याही दारात गाडी आली त्याच आठवड्यात एकाने वर पैसे देऊ केले. अम्मी म्हणाली, "घ्या, घरावर नवे पत्रे तरी पडतील." अब्बांनी ऐकले नाही. पुढे प्रत्येक पावसाळ्यात घर गळायला लागले की अम्मी त्या पैशांची आठवण काढायची.

या गाडीची घडण मूळची इटलीची. दुसऱ्या महायुद्धात पिआज्जिओ कंपनीचा पोन्तेदेरा गावचा विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर कंपनीने कोरादिनो दास्कानिओ नावाच्या अभियंत्याला सामान्य माणसासाठी स्वस्त वाहन आखायला सांगितले. या गृहस्थाने पूर्वी हेलिकॉप्टर घडवले होते आणि मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे. तेलाने माखलेली साखळी नको, कपडे खराब व्हायला नकोत, चाक पंक्चर झाले तर रस्त्यात बदलता आले पाहिजे, असा त्याचा आग्रह. म्हणून इंजिन थेट मागच्या चाकाला जोडले, साखळी काढूनच टाकली आणि पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले. १९४६ साली ही गाडी आली, नाव व्हेस्पा. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून बजाजने ती परवान्यावर आपल्याकडे बनवली. तो करार १९७१ साली संपला आणि पुढच्या वर्षी राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली.

मला या सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की ही गाडी उघडायला सोपी आहे. उजव्या बाजूचा फुगीर पत्रा काढला की इंजिन समोर. एक लांब बोल्ट, मागच्या शॉकअपचा एक बोल्ट, चार-दोन वायरी आणि नळ्या सोडवल्या की अख्खे इंजिन खाली उतरते. दोन माणसे ते उचलून ओट्यावर ठेवू शकतात. बेडग, आरग, म्हैसाळ अशा गावांतून बदल्या होत फिरणाऱ्या मास्तराला प्रत्येक वेळी गॅरेज परवडण्यासारखे नव्हते. अब्बा बघून बघून शिकले.

रविवारी सकाळी अंगणात पोते अंथरायचे, त्यावर जुना पेपर. निघालेला प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायचा. जोडताना उजवीकडून सुरुवात. मध्ये कुणी हाक मारली तरी उठायचे नाही. माझे काम रॉकेलची वाटी धरण्याचे आणि मांजराला हाकलण्याचे. प्लग काढला की अब्बा तो माझ्या हातात देत आणि विचारत, "काय लिहिलंय?" प्लगला ते गाडीचे प्रगतिपुस्तक म्हणायचे. टोक विटकरी-तपकिरी असेल तर पास. काळे आणि ओले असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त होते आहे. पांढरे पडले असेल तर इंजिन जास्त तापते आहे, लगेच बघायला हवे. प्लगमधली फट ०.६ मिलिमीटर. कार्बोरेटरचा जेट अडकला तर त्यात तार किंवा सुई घालायची नाही, कारण पितळ मऊ असते, भोक मोठे झाले की हिशेब कायमचा बिघडतो. अब्बा सायकलच्या पंपाने हवा मारत. चार-पाच हजार किलोमीटर झाले की हेड उघडून पिस्टनच्या माथ्यावरचा कोळसा खरवडायचा. त्यासाठी लाकडाची पट्टी, लोखंड नाही. घट्ट करताना हेडचे नट समोरासमोरचे, तेही थोडे थोडे आवळायचे. अम्मी म्हणायची, एवढ्या काळजीने तर कुणी मुलाला न्हाऊ घालत नाही.

सगळ्यांत नाजूक काम पॉइंटचे. प्लगला ठिणगी मिळते ती दोन छोट्या धातूच्या टिकल्या एकमेकींपासून सुटतात त्या क्षणी. रोजच्या ठिणग्यांनी एका टिकलीवर खड्डा पडतो आणि दुसरीवर टेकडी तयार होते. ती टेकडी सपाट करायची, आणि टिकल्या पुऱ्या उघडल्यावर फट ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या मध्ये राहिली पाहिजे. आमच्या शेजारी सतारी बनवणारे एक चाचा राहायचे. त्यांच्या ओसरीवर भोपळे टांगलेले असत आणि दिवसभर कानशीचा आवाज यायचा. पॉइंट घासायला अब्बा त्यांच्याकडून बारीक कानस मागून आणायचे. चाचा हसायचे, "मास्तर, तुम्हीपण जवारीच काढता की!" सतारीच्या घोडीचा माथा कानशीने किंचित घासून तारेचा झंकार मोकळा करतात, त्याला जवारी काढणे म्हणतात. एक फेर जास्त घासला तर सूर बसतो, आणि तो कुठल्याही मापाने परत आणता येत नाही. चाचा घासून झाले की तार छेडायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. अब्बा किक मारून तेच करायचे. मी कार्बोरेटरकडे हात नेला की म्हणायचे, "आवाज सुन बेटा, हात मत लगा."

हे सगळे मी पाहिले होते. तरीही १९८७ च्या फेब्रुवारीत मी जे केले ते केलेच.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. तासगावला कविसंमेलन होते आणि आयुष्यात पहिल्यांदा निमंत्रणपत्रिकेवर माझे नाव छापून आले होते. अब्बांनी गाडी दिली. या गाडीच्या इंजिनाला तेल वेगळे नसते, पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. लिटरला वीस मिलिलिटर. त्या तेलावरच पिस्टन सरकतो, बेअरिंगे फिरतात. डिक्कीत अब्बांचे पितळी माप असायचेच. सांगलीत मी पेट्रोल भरले. खिशात मोजके पैसे, उशीर झालेला, डोक्यात स्वतःच्याच ओळी. तेल घालायचे राहिले. 'राहिले' म्हणतो, पण खरे सांगायचे तर आठवण झाली होती. म्हटले, टाकीत आधीचे थोडे आहे, तेवढ्यावर पोचू, येताना घालू.

कवठे एकंदच्या अलीकडे गाडीचा आवाज बदलला. कोरडा झाला. मला तो ऐकू आला होता; अब्बांनी तेवढे तर शिकवलेच होते. मी अॅक्सिलरेटर आणखी पिळला. मग मागचे चाक एकदम जाम झाले, गाडी शेपटी मारत रस्त्याच्या कडेला गेली. मला खरचटले, एवढेच. किक खालीच जाईना. संमेलन राहिले. एका द्राक्षांच्या टेम्पोने रिकाम्या क्रेटांच्या मध्ये गाडी घालून आणली. मिरजेत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

अब्बांनी टाकीचे झाकण उघडले, बोट बुडवले, दोन बोटांत चोळून पाहिले. काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी इंजिन उतरवले. अडकलेला ब्लॉक काढायलाच दुपार गेली. पिस्टन हातात आला तसा त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. "हात फिरव." अॅल्युमिनियम तापून फुगते, सिलिंडरच्या भिंतीला घासते, वितळून तिला चिकटते. पिस्टनच्या अंगावर नखांनी ओरबाडावे तसे उभे ओरखडे होते. एवढाच तो काय माझा पाणउतारा. ब्लॉक कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर करायला पाठवला, मोठ्या मापाचा पिस्टन आणला. पैसे शिक्षकांच्या पतपेढीतून काढले. हे सगळे व्हायला पाच आठवडे लागले आणि ते पाच आठवडे अब्बा बेडगपर्यंत सायकलने गेले. फेब्रुवारी-मार्चचे ऊन, वय त्रेपन्न. अम्मीला त्यांनी सांगितले होते, "गाडी जुनी झाली, काम निघालं." खरे कारण अम्मीला कधीच कळले नाही, आज रेडिओवर कळेल.

इंजिन बांधताना त्यांनी रिंगा मला बसवायला लावल्या. रिंगेची दोन टोके खाचेतल्या छोट्या खिळीशी आली पाहिजेत, नाहीतर ब्लॉकमध्ये सरकवताना रिंग मोडते. माझ्या हाताने एक मोडलीच. ती पुन्हा आणली. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे करायचा, हे त्या दिवशी कायमचे डोक्यात बसले. नवा बोअर केलेल्या इंजिनाला पहिले पाचशे किलोमीटर जपून चालवावे लागते. गाडी सुरू झाली तेव्हा अब्बांनी किल्ली माझ्याकडे दिली. "पाचशे किलोमीटर. काटा चाळीसच्या वर जाऊ द्यायचा नाही. तूच चालव." मी पुढचा महिनाभर मिरज-सांगली रस्त्यावर सायकलवाल्यांच्या सोबतीने ती गाडी चालवली. नंतर माझे तीन संग्रह निघाले, दोन-चार सत्कारही झाले. पण इतका मोठा विश्वास माझ्यावर पुन्हा कुणी टाकलेला आठवत नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी अब्बांना ऐकू येईनासे झाले. यंत्र कानाला लावले की त्यात घरघर येते म्हणून काढून ठेवायचे. गाडी मीच चालवत होतो, आणि बिघडली की गॅरेजला नेत होतो. नोकरी, मुली, कविसंमेलने. वेळ नसतो, असे मी म्हणायचो. अब्बा अंगणात खुर्ची टाकून बसायचे. मी किक मारली की उठून यायचे, पत्र्यावर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "पॉइंट जळलेत." गॅरेजवाला उघडून बघायचा तेव्हा पॉइंट जळलेलेच असायचे.

२०११ साली अब्बा गेले. त्यानंतर मी गाडी चालवलीच नाही. कुणी विचारले तर म्हणायचो, पार्ट मिळत नाहीत. तेही खोटे नव्हते. डिसेंबर २००९ मध्येच कंपनीने स्कूटरचा धंदा बंद करत असल्याचे जाहीर केले होते. पण खरे कारण ते नव्हते. मी गाडीवर ताडपत्री टाकली, दोरी बांधली. ती नऊ वर्षे तशीच राहिली.

२०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, अम्मी एका सकाळी चहा घेता घेता म्हणाली, "ती गाडी भंगारात दे, नाहीतर चालू कर. मय्यत झाकून ठेवल्यागत दिसतं दारात." गॅरेजे बंद होती. पार्टांची दुकाने बंद होती. मी दोरी सोडली. मोठी मुलगी पुण्याहून घरी आली होती, ती शेजारी येऊन बसली. पोते अंथरले, पेपर अंथरला.

टाकीतले पेट्रोल आटून राळेसारखे झाले होते, त्याला जुन्या व्हार्निशचा वास. इंजिन फिरेना. प्लगच्या भोकातून थोडे तेल आत सोडले आणि थांबलो. जोर लावायचा नाही, हे १९८७ ने शिकवले होते. चार दिवस रोज थोडे तेल, रोज किकवर हलका दाब. पाचव्या दिवशी किक बोटभर खाली गेली. मुलगी ओरडलीच. मग टाकी धुतली. गंज काढायला आत मूठभर नट घालून दोघांनी ती घुसळली. जेट माझ्या लेखी स्वच्छ होता, मुलीने तो खिडकीकडे धरून पाहिला आणि म्हणाली, "अब्बू, पलीकडचं काही दिसत नाही." क्लचच्या बुचाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या हलकेच सोडवल्या. रबराची प्रत्येक वस्तू कडक होऊन तडकलेली.

पॉइंट घासायला कानस हवी होती. चाचा केव्हाच गेले होते. त्यांच्या मुलाने भिंतीवरून दिली. फीलर गेज आमच्याकडे नव्हते. अब्बा पोस्टकार्डाचा तुकडा फटीत सरकवून अंदाज घ्यायचे. डिक्कीत, पितळी मापाच्या खाली, तेल पिऊन अर्धपारदर्शक झालेला तो तुकडा सापडला. उजेडात धरला. त्यावर टाइप केलेली अक्षरे होती, "...भार परत". एका मासिकाच्या संपादकांनी माझ्या कविता परत पाठवताना लिहिलेले कार्ड. मी रागाने फेकले असणार, अब्बांनी उचलून पॉइंटच्या मापाला लावले. किती वर्षे ते त्याने फट मोजत होते कोण जाणे. मी त्यानेच मोजली.

गाडी सुरू झाली तेव्हा अंगण निळ्या धुराने भरून गेले. गल्लीतली माणसे आपापल्या दारात येऊन उभी राहिली. पूर्वी अब्बांची गाडी कोपऱ्यावर वळल्याचा आवाज आला की अम्मी आतून चहाचे आधण ठेवायची. एकवीस-बावीस वर्षे तिने घड्याळ पाहिले नव्हते. ती उंबऱ्यात आली, थोडा वेळ ऐकले आणि म्हणाली, "नाही. असा नव्हता." मी मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा फिरवला. "नाही." परत उलटा, थोडासा. इंजिनाची धाप कमी झाली, ठेका एकसारखा पडू लागला. अम्मी म्हणाली, "हां." आणि आत गेली. थोड्या वेळाने आतून आल्याचा वास आला.

तेव्हापासून गाडी चालते, म्हणजे मी चालवतो. फार नाही. टू-स्ट्रोक इंजिन धूर सोडते, हे नाकारण्यात अर्थ नाही; तिचे कौतुक करताना लोक हे विसरतात. मंडई, पोस्ट, शुक्रवारी मशीद, एवढीच तिची धाव. आता देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते आणि जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून पेट्रोलची नळी वर्षातून एकदा बदलतो, आणि गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवतो. २०२५ साली जुन्या वाहनांना नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवायची वेळ आली तेव्हा पेंटरने हाताने रंगवलेली मूळ पाटी काढावी लागली. ती अम्मीने स्वयंपाकघरात, अब्बांच्या फोटोखाली टांगली आहे.

पुण्याचा माझा भाचा या विषयातला जाणकार आहे. त्याने सांगितले, "मामू, गाडीला पन्नास वर्षे झाली. व्हिंटेज म्हणून नोंदवा. किंमत कुठल्या कुठे जाईल." २०२१ मध्ये केंद्राने त्यासाठी नियम केले आहेत; पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपातल्या वाहनाला वेगळा क्रमांक मिळतो. मी नियम वाचून काढले. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला नाही. मी भाच्याला विचारले, "आणि मंडईला?" तो हसला. मी साधीच नोंदणी ठेवली आहे. दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला न्यायची, ब्रेक, दिवा, हॉर्न दाखवायचा, कर भरायचा. तपासणारे तरुण अधिकारी आधी कागद बघतात, मग गाडी, मग माझ्याकडे.

परवा पुन्हा क्लचची वायर तुटली, ऐन रेल्वे स्टेशनसमोर. गाडी ढकलत घरी आणली. सांगलीतल्या ज्या दुकानातून मी पार्ट घेतो त्या दुकानदाराने माळ्यावरून एक धुळकट पुडा काढला आणि म्हणाला, "सर, शेवटच्या दोन आहेत." मी दोन्ही घेतल्या. एक बसवली. दुसरीला ग्रीस लावून, गुंडाळी करून डिक्कीत ठेवली आहे. पितळी मापाच्या शेजारी.